तळघरातला प्रशिक्षक

माझा गिल्बर्टो आमच्या फॉल रिव्हरच्या टेकडीवरच्या कॉलेजात मुलांच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक आहे. 'मुख्य' म्हटलं की लोकांना वाटतं, हाताखाली फौज असेल. हाताखाली एकच सहायक, आणि तोही दुपारपर्यंत विम्याच्या कचेरीत. बाकी सगळं मुख्यच करतो. चेंडूंत हवा मुख्य भरतो, बस मुख्य चालवतो आणि परगावी हरून आला की चिखलाने माखलेल्या जर्स्या धुवायला माझ्याकडे आणतो. कॉलेजात मशीन आहे, पण तिच्यावर पहिला हक्क हेल्मेट घालून अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांचा.

या खुर्चीपर्यंत पोचायला त्याला पंधरा वर्षं लागली. आधी स्वतः खेळायचा. गुडघा गेला तेव्हा मला वाटलं, आता तरी हा माणसासारखी नोकरी धरेल. कसला धरतोय! या राज्यातून त्या राज्यात सहायक म्हणून भटकत राहिला. नेब्रास्कात होता तेव्हा मी गेले होते त्याच्याकडे. जिकडे बघावं तिकडे मका. हॉटेलात मासा मागितला तर डब्यातला आणून ठेवला. आम्ही पोर्तुगालच्या असोरेस बेटांवरची माणसं. डब्यातला मासा आम्ही मांजरालासुद्धा विचारून देतो. शेवटी आमच्याच गावात मुख्याची जागा निघाली, गिल्बर्टो घरी आला, माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर बायकोला घेऊन राहिला, आणि मी सुखाने झोपू लागले.

पण प्रशिक्षकाची नोकरी म्हणजे लोकांच्या अठरा वर्षांच्या पोरांच्या पायांवर आपलं घर बांधणं. दोन वर्षं संघ सारखा हरला. मागच्या वसंतात खेळ-संचालक प्रेस्कॉटसाहेबांनी त्याला बोलावून गोड हसत सांगितलं, "गोल करणारा कुणीतरी आण. नाहीतर हिवाळ्यात आपण हात मिळवून मोकळे होऊ." नेब्रास्कावाल्यांना वास लागलाच. सहायकाची जागा आहे, येतोस का, म्हणून त्यांचा फोन आला.

गोल करणारा पोरगा दूर नव्हता. आमच्याच चर्चमधला, नेल्सन रापोसो. डावा पाय असा की चेंडू विचारून जाळ्यात जावा. आईबाप दोघं पाळीच्या नोकरीवर, म्हणून घर आजी चालवायची. आजी म्हणजे झुल्मिरा. त्या घरात पान हललं तरी ते झुल्मिराची परवानगी घेऊन. तिची नि माझी ओळख बेटावरच्या एकाच गल्लीतली. तिला वाटतं तिच्यासारखा गोड पाव कुणाला जमत नाही. खरंच जमत नाही. दात शाबूत ठेवायचे असतील तर तो खाऊही नये.

नेल्सनच्या मागे वरच्या राज्यातलं एक मोठं विद्यापीठही लागलं होतं. संगमरवरी मैदान आहे म्हणे. संगमरवरावर कसं खेळतात ते मला कुणी सांगितलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच पवित्र आत्म्याच्या मुकुटाची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. ईस्टरनंतर आमच्यात चांदीचा मुकुट एकेका घरी आठवडाभर मुक्कामाला असतो. रोज संध्याकाळी सगळं चर्च त्या घरी येऊन माळेची प्रार्थना करतं, मग सूप, पाव, दारू आणि लोकांच्या सुनांवर चर्चा. चिठ्ठी निघावी म्हणून बायका वर्षानुवर्षं वाट बघतात. मी आनंदाने घरी आले आणि गिल्बर्टोला सांगितलं. त्याचा चेहरा पेनल्टी हुकल्यासारखा झाला.

"झुल्मिरा आजी रोज येणार?"

"रोज. तिचे गुडघेही येणार. त्यांची गाऱ्हाणी वेगळी ऐकावी लागतात."

"आणि नेल्सन?"

"मग तिला पायऱ्या कोण चढवणार, मी?"

तो खुर्चीत बसला. "आई, सध्या बंदीचे दिवस आहेत. ज्या पोराला संघात घ्यायचंय त्याला आणि त्याच्या घरच्यांना कॉलेजबाहेर भेटायचं नाही. फोन केलेला चालतो. तोंड दाखवलेलं चालत नाही."

"आवाज चालतो आणि तोंड चालत नाही? हा नियम कुणी केला, कुरूप माणसाने?"

"सापडलो तर नोकरी गेली. आणि तूही त्यांच्यासमोर कॉलेजचं नाव काढायचं नाहीस. माझ्यातर्फे तू त्यांना पटवतेयस असं धरतील."

"मग मी बोलू काय?"

"काहीच बोलू नकोस."

असं मला यापूर्वी फक्त दातांच्या डॉक्टरने सांगितलं होतं.

कॉलेजात नियम बघायला एक बाई ठेवली आहे. आम्ही तिला नियमवाली म्हणतो. गिल्बर्टोने तिला विचारलं. ती म्हणाली, चुकून समोर आलेच तर हॅलो म्हणा आणि पुढे चला. हॅलोच्या पुढे एक शब्द नाही. त्यापेक्षा संध्याकाळी घरीच थांबू नका.

पण नियम काही कॉलेजलाच असतात असं नाही. मुकुट घरात असताना माळेच्या वेळी घरचा पुरुष त्याच छपराखाली हवा. माझ्या आईने हे पाळलं, तिच्या आईने पाळलं. माझा नवरा वारलेला. घरचा पुरुष म्हणजे गिल्बर्टो.

"छपराखाली म्हणजे नक्की कुठे?" त्याने विचारलं. नियमवालीकडे बसून बसून त्यालाही ती सवय लागली होती.

वरचा मजला बायकांनी सूप शिजवायला घेतला होता. खालचा माझा, तिथे मुकुट. मी विचार केला. तळघरही छपराखालीच असतं.

तर त्या आठवड्यात रोज संध्याकाळी लोक पुढच्या दाराने आत आले की कॉलेजचा मुख्य प्रशिक्षक मागच्या दाराने बटाट्यांत जाऊन बसायचा. मी त्याला सूप, पाव आणि उशी दिली होती. माळ सुरू झाली की तो खालून पुटपुटत उत्तरं द्यायचा. पवित्र आत्म्याला बरोबर ऐकू येत असणार, तो काही वर-खाली बघत नाही.

झुल्मिरा बघत होती.

सोमवारी म्हणाली, "गिल्बर्टो दिसत नाही."

"कामात आहे."

मंगळवारी म्हणाली, "आज माझ्या भाच्याला कॉलेजची बस उभी दिसली. कसल्या कामात आहे?"

"डोकं दुखतंय त्याचं."

"काम डोक्याचं असतं का त्याचं? मला वाटलं पायाचं." आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीकडे वळली. "स्वतःच्या आईच्या घरी मुकुट आलाय आणि गुडघे टेकायला फुरसत नाही! अशाच्या हाती कुणी पोर देईल?"

माझ्या जिभेवर जे आलं ते मी पावाच्या तुकड्याबरोबर गिळलं. नियम सांगावा तर कॉलेजचा विषय निघणार; न सांगावा तर माझा पोरगा नास्तिक ठरणार. बुधवारपर्यंत तो आमचा पंथ सोडून बाप्टिस्ट झाल्याची बातमी मलाच सांगायला तिघी आल्या.

बुधवारी माझ्या खालच्या स्वयंपाकघरात मी सूप वाढत होते. नेल्सन ताटली घेऊन उभा, त्याच्यामागे झुल्मिरा. नेल्सनचा फोन वाजला. "हो, कोच," म्हणून तो भिंतीकडे वळला.

आता तळघरातली गरम हवा वर येते ती जमिनीतल्या लोखंडी जाळीतून. हवेबरोबर आवाजही येतो, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"चेंडू पायाशी आला की तू खाली बघतोस," जाळी म्हणाली. "डावा पाय कुठे आहे ते त्याला माहीत असतं. तू वर बघ."

झुल्मिराने चमचा खाली ठेवला. "इडालिना, तुझ्या जमिनीखाली कोण बोलतंय?"

"पाण्याचा पाइप आहे. जुना झालाय."

"तुझा पाइप 'डावा पाय' म्हणाला."

"जुना झालाय म्हटलं ना!" आणि मी तिथेच, हातात वाढणी घेऊन, मोठ्याने 'नमो मरिये' सुरू केलं. प्रार्थना सुरू झाल्यावर गप्प बसणं झुल्मिरालाही भाग होतं. नेल्सनने जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  गुरुवारपासून तो आपली ताटली घेऊन जाळीशेजारी जमिनीवर बसू लागला आणि फोन वाजायची वाट बघू लागला.

रविवार आला. मुकुट चर्चमध्ये न्यायचा आणि तिथून पुढच्या घरी. मुकुट घरच्या पुरुषाने न्यायचा असतो, आणि प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात उभं राहून एकेकापुढे धरायचा असतो. लोक वरच्या चांदीच्या कबुतराचं चुंबन घेतात. हे काही तळघरातून होत नाही.

"हॅलो चालतं ना?" मी त्याच्या टायची गाठ आवळत म्हटलं. "मग हॅलो म्हण आणि मुकुट पुढे कर."

दारात रांग लागली. बँड बाहेर वाजायला टपलेला. गिल्बर्टो त्याच्या बापाच्या काळ्या कोटात, हातात मुकुट, कपाळावर घाम. मी त्याच्या शेजारी. झुल्मिरा आली, तिच्यामागे नेल्सन. मुकुट पुढे झाला. तिने चुंबन घेतलं, आणि हलेचना.

"आज बरं सापडलास," ती म्हणाली. "आठवडाभर होतास कुठे?"

"हॅलो," गिल्बर्टो म्हणाला.

"हॅलो. कुठे होतास?"

"हॅलो."

"बाप्टिस्ट झालास का रे?"

माझ्या पोराने कळवळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हॅलो."

"इडालिना, याला डॉक्टरला दाखव. मी तर माझा नातू..."

इथे माझ्या जिभेचं कुलूप तुटलं. "तळघरात होता तो!" मी म्हटलं. चर्चमध्ये आवाज चांगला घुमतो. "रोज! बटाट्यांत बसून माळ म्हणत होता. तुम्हाला तोंड दाखवलं तर नोकरी जाते त्याची, म्हणून!" मी कॉलेजचं नाव काढलं नाही. मी तळघराबद्दल बोलले. माझं तळघर आहे, मी बोलेन.

गिल्बर्टोने डोळे मिटले. मागची रांग पुढे सरकली, सगळ्यांना नीट ऐकायचं होतं.

झुल्मिरा माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "वरच्या विद्यापीठाचा प्रशिक्षक शुक्रवारी दुपारी आमच्याकडे येऊन जेवून गेला."

"बंदी त्यालाही आहे!"

"असेल. पण माझ्या नातवासाठी त्याने नियम मोडला. तुझ्या पोराला चार पायऱ्या चढवल्या नाहीत. मग कुणाला गरज जास्त, सांग."

   मला समोर नेब्रास्काचा मका दिसायला लागला.

"आजी," नेल्सन म्हणाला. तोवर त्या पोराचा आवाज मी धड ऐकलाही नव्हता. "तो आला आणि तुझ्या पावाचं कौतुक करत बसला. मला त्याने फक्त बुटाचं माप विचारलं."

"पावाचं कौतुक केलं त्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही. पण हे कोच रोज मी कुठे चुकतो ते सांगत होते."

"चुकतोस?" झुल्मिराच्या भुवया वर गेल्या. "माझा नातू? कुठे चुकतोस तू?"

"चेंडू आला की खाली बघतो म्हणाले."

झुल्मिराने छातीवर हात मारला. "अरे, ते मी तुला चालायला लागल्यापासून सांगतेय! दुकानात जाताना खाली, येताना खाली, चिकनची तंगडी ताटात पडली तरी खाली!" ती गर्रकन गिल्बर्टोकडे वळली, जणू इतक्या वर्षांत तिला साक्षीदार मिळाला होता. "आणि पाठ वाकवतो, ते सांगितलंस का त्याला?"

गिल्बर्टोच्या तोंडाशी कॉलेजच्या पुढच्या चार वर्षांचं प्रशिक्षण आलं होतं. पाठीबद्दल त्याला किती बोलायचं होतं, मला त्याच्या मानेवरच्या शिरेवरून कळत होतं. तो म्हणाला, "हॅलो."

"सांगितलंय," नेल्सन म्हणाला. "गुरुवारी. आजी, मी इथेच खेळणार." आणि वाकून त्याने कबुतराचं चुंबन घेतलं. बंदी उठली की कॉलेजच्या कागदावर सही करतो, असं तो गिल्बर्टोला नाही, मुकुटाला सांगितल्यासारखं म्हणाला. हुशार आहे पोरगा.

गिल्बर्टोच्या डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवर थांबलं. हात मुकुटात अडकलेले, पुसणार कोण? मीच पुसलं. फादर मागून म्हणाले, "बाई, गाऱ्हाणी नंतर आवरा, मुकुट पुढे जाऊ द्या," आणि बँड सुरू झाला.

मिरवणुकीत झुल्मिराने तिच्या गुडघ्यांसकट माझा हात धरला. पुढे गिल्बर्टो मुकुट घेऊन ताठ चालला होता, त्याच्या बाजूने नेल्सन झेंडा घेऊन, दोघांत नियमवालीलाही नाव ठेवता येणार नाही एवढं अंतर.

"तुझं सूप या वेळी अळणी होतं," झुल्मिरा म्हणाली.

"तू तीनदा घेतलंस."

"खात्री करायला." थोडं चालून ती थांबली. "इडालिना, आणि चारही वर्षं हा संघ हरलाच तर?"

"तर चार वर्षं तू माझ्या शेजारी बाकावर बसून रडशील," मी म्हटलं. "आणि येताना पाव आणू नकोस."