एका डब्यात बार्शी

शिवयोगीला कुणी नुसतं शिवयोगी म्हटलेलं खपत नसे. पुढं ‘सर्व्हिसवाले’ लागलंच पाहिजे. त्याचा बाप सरकीचा व्यापार करता करता गेला, लोक त्याला जन्मभर नुसतं लिंगप्पा म्हणाले आणि त्याचं काही अडलं नाही. पण पोरानं सोलापूर-बार्शी रस्त्यावर मोटार घातली आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं. बार्शीच्या बाजारात गाडी थांबली की अडते त्याला खुर्ची देत. सोलापुरात खुर्ची कोण देणार? सोलापुरात त्याला शेंबडा असल्यापासून सगळे ओळखत होते. म्हणून बार्शी त्याला जिवापलीकडं प्यारी.

गाडी तरी केवढी? पुढं तिघं दाटीवाटीनं बसतील अशी जागा, मागं उघडा हौदा, हौद्यावर ताडपत्री. पोती असली तर पोती जात, माणसं असली तर माणसं, आणि बहुतेक वेळा माणसं पोत्यांवर.

त्याच रस्त्यावर वैरागच्या रावजीची दुसरी गाडी होती. रावजी स्वतःच गाडी हाकी आणि स्वतःच शिव्या देई. जागा अडचणीची आहे असं एखादा उतारू म्हणाला, तर रावजी गाडी थांबवून त्याला माळावर उतरवी आणि वर म्हणे, ‘आता बस ऐसपैस.’ लोक नाइलाजानंच त्याच्या गाडीत चढत.

आता दोन गाड्या झाल्या म्हणजे लोकांची सोय झाली, असं तुम्हाला वाटेल. तसं काही होत नाही. गाडी पुरती भरल्याशिवाय सोडायची नाही, हा दोघांचाही नेम. मग काय, अर्धी माणसं ह्या गाडीत, अर्धी त्या गाडीत, आणि दोन्ही गाड्या स्टँडवर उभ्या. उतारू बसल्या जागी भाकरी सोडत, खात, झोपत, उठून पुन्हा विचारत, ‘सुटणार कवा?’ सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. लोकांना वाटायचं, मार्शल लॉमध्ये निदान घरी तरी बसायला मिळत होतं.

शेवटी श्रीमंत नावाच्या अडत्याचं डोकं फिरलं. त्याचा माल बार्शीला जायचा आणि तो रोज स्टँडवर उन्हात तापायचा. त्यानं दोघांना दुकानात बोलावलं.

“एका रस्त्यावर एकच गाडी ऱ्हाईल,” तो म्हणाला. “मी दोगांना एक एक डबा पेट्रोल देतो. तेवढ्यात ज्याची गाडी लांब जाईल, बार्शीचा रस्ता त्याचा. जो कमी पेट्रोल जाळतो त्यो भाडंबी कमीच घेईल की. जो हरंल त्यानं अक्कलकोटची लाइन धरायची.”

रावजीनं एक शिवी देऊन होकार भरला. शिवयोगीनंही मान डोलावली, पण अक्कलकोटचं नाव त्याला नको होतं. अक्कलकोटच्या पलीकडं त्याची सासुरवाडी होती. त्या रस्त्यावर हात करील तो बायकोचा मामा, चढेल ती बायकोची मावशी, आणि उतरताना जावयानं भाडं मागायचं कुणाच्या तोंडाकडं बघून? खुर्ची तर लांबच राहिली. तिकडं जावई म्हणजे घोंगडीवर बसवायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याची चेष्टा करायची.

त्याची बायको नीलम्मा त्याच वाटेकडं वेगळ्या डोळ्यांनी बघत होती. लग्न झाल्यापासून ती दोनदाच माहेरी गेली होती. रेल्वे होती, पण सर्व्हिसवाल्याच्या बायकोनं रेल्वेनं जायचं म्हणजे नवऱ्याच्या मोटारीची अब्रू गेली, असं शिवयोगी म्हणे. मोटारीनं जावं, तर मोटार बार्शीला. बिचारी दर सणाला विचारी आणि दर सणाला तेच उत्तर ऐके.

तर पैज लागली. पेट्रोलचा डबा दोन गॅलनचा. शिवयोगीची गाडी एका डब्यात वडाळा मागं टाकी आणि वैरागच्या बरंच अलीकडं दम तोडी. रावजीच्या गाडीचंही तसंच. कोण जिंकेल हे देवालाही सांगता आलं नसतं, आणि शिवयोगी देवावर भरवसा ठेवणारा नव्हता. तो दस्तगीर मिस्त्रीकडं गेला.

दस्तगीर हा अंगानं रांजणासारखा आणि बोलण्यात त्याहून मोठा माणूस. जगातली सगळी इंजनं आपल्याला विचारून बनवतात, असं त्याचं मत होतं. त्याच्याकडं एका जहागीरदाराच्या मोटारीचा सांगाडा पडला होता. जहागीरदारानं मोटार चिंचेच्या झाडावर घातली होती. पुढचा भाग गेला, मागच्या चाकांचा आस धड राहिला. ती मोटार आणि शिवयोगीची लॉरी एकाच कारखान्याच्या.

शिवयोगीच्या अंगणात गाडीचा मागचा भाग ठोकळ्यांवर चढला. दस्तगीरनं आसाची मधली पेटी उघडली आणि ग्रीसनं माखलेली दोन दातेरी चाकं बाहेर काढली, एक मोठं, एक लहान. मग जहागीरदाराच्या मोटारीची जोडी शेजारी ठेवली. त्या जोडीतल्या लहान चाकाला दात जास्त होते.

“हे बघा मालक,” दस्तगीर म्हणाला, “तुमची गाडीचं मागचं चाक एकदा फिरायला इंजन ज्यादा फिरतंय. ही जोडी घातली की इंजन कमी फिरणार. कमी फिरणार तर कमी पिणार. एवढंच. हवा के माफिक पळणार.”

“एका डब्यात वैराग?”

“वैराग काय, वैरागच्या पुढं. लेकिन मालक, एक बात. जोर कमी होणार. हे जहागीरदाराचे दात हायेत. पळंल, पण वझं उचलायचं म्हटलं की मांडी घालून बसंल. हळू चालवली तरी रुसंल. गाडी हलकी ठेवा, रस्ता मोकळा ठेवा.”

हे सगळं तो मोठमोठ्यानं सांगत होता, कारण हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. नीलम्मा चहा घेऊन आली, तिथंच उभी राहून ऐकत होती. शिवयोगीनं मात्र ‘वैरागच्या पुढं’ एवढंच ऐकलं आणि बाकीचं चहाबरोबर पिऊन टाकलं.

दात बसले. भल्या सकाळी शिवयोगी आणि दस्तगीर दोघंच रिकामी गाडी घेऊन बार्शी रस्त्याला लागले. गाडी पळाली हो, खोटं का बोला? इंजनाचा आवाज गुणगुणल्यासारखा, रस्ता मोकळा, पाठीवर ओझं नाही. वैराग आलं, वैराग गेलं, आणि पुढं बऱ्याच अंतरावर डबा संपला. शिवयोगीनं खाली उतरून गाडीच्या बॉनेटला हात जोडले.

त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण सर्व्हिसवाले गप्प बसतील तर सर्व्हिसवाले कसले? त्याच संध्याकाळी तो स्टँडवर मिशीला पीळ देत म्हणाला, “एका डब्यात बार्शी.” दुसऱ्या दिवशी ते गिरणीच्या भोंग्याआधी गावभर झालं. लोक रावजीला विचारायला लागले, ‘तुजी गाडी किती जाती रं?’ रावजी म्हणे, ‘तुज्या मसणात जाती.’ त्यानं गाडीला हातसुद्धा लावला नाही. खर्च करायचा म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येई.

पैजेचा दिवस उजाडला. श्रीमंतच्या दुकानासमोर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. श्रीमंतनं सगळ्यांसमोर टाक्या रिकाम्या करून घेतल्या, सीलबंद डबे फोडले आणि पेट्रोल ओतलं. रावजीनं झाकण लावलं, इंजन सुरू केलं आणि कुणाकडं न बघता निघून गेला. त्याच्या गाडीत तो एकटा. हरणाऱ्याच्या गाडीत कोण बसतंय, आणि तेही शिव्या खात?

शिवयोगीही निघणार होता. पण गाडीला केळीचे खुंट बांधायचे राहिले होते. ते बांधून होतात तोवर कोपऱ्यावरून बँडचा आवाज आला. क्लॅरिओनेट, ढोल, झांजा, सगळा सरंजाम. बँडच्या मागून निंगव्वा, म्हणजे शिवयोगीची सासू, आणि तिच्या मागून अर्धी सासुरवाडी, डोक्यावर गाठोडी घेऊन.

“जावाईबापू जिंकणार म्हटल्यावर आमी घरात बसतो व्हय?” निंगव्वा म्हणाली आणि दोघांच्या आधारानं हौद्यात चढली.

शिवयोगीला एका डोळ्यानं दिसत होतं की हे बरं नव्हे. पण दुसऱ्या डोळ्यापुढं लोकांनी घातलेले हार आले, आणि हारांमुळं त्या डोळ्याला काही दिसेना. सासूला उतर कसं म्हणायचं? सासूला बसवलं तर चुलत आत्या बनाबाईला नाही कसं म्हणायचं? बनाबाईनं तर सरळ विचारलं, “तुज्या गाडीत न्हाय बसायचं तर काय त्या रावज्याच्या गाडीत बसू?” एका डब्यात बार्शी फुकट दिसणार होती. ज्याला बार्शीत काम होतं तो चढला, ज्याला काही काम नव्हतं तोही चढला. निकाल द्यायचा म्हणून श्रीमंत चढला आणि सोबत त्यानं सुताची चार गाठोडी टाकली, गाडी जातेच आहे म्हणून. शेवटी दस्तगीर आला. सगळं ज्याला कळत होतं तो दस्तगीर. त्यानं गाडीकडं बघितलं, स्प्रिंगांच्या वाकलेल्या पाट्यांकडं बघितलं, मान हलवली, आणि तोही टपावर चढून बसला. आपल्या हातचं काम जिंकताना बघायचं सुख कोण सोडतो?

नीलम्मा पुढं नवऱ्याच्या शेजारी बसली. नवी इरकल नेसली होती. शिवयोगीला तिचा फार अभिमान वाटला.

मग मिरवणूक निघाली. बँड पुढं आणि गाडी मागं. वाजवणारे आपल्या चालीनं चालणार, त्यांना कोण हाकणार? क्लच अर्धा दाबून, पहिल्या गिअरमध्ये इंजन रडवत शिवयोगी गाडी ढकलत होता. जहागीरदाराच्या दातांना पायी चालणाऱ्याच्या मागं चालायची सवय नव्हती. गाडी धक्का खाई, थांबे, पुन्हा सुरू करावी लागे. दर चार दुकानांनी कुणीतरी नारळ घेऊन पुढं येई. पाणी उकळून बॉनेटमधून वाफ निघाली, तर लोकांना वाटलं, गाडी जोरात आहे.

वेशीबाहेर बँडवाले थांबले आणि थकलो म्हणून तेही मागं चढले, ढोलासकट.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. सपाटीला गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. वरचा गिअर टाकला की इंजन आचके देई, खालचा टाकला की पेट्रोल प्यायला लागे. जरा चढ आला की पुन्हा पहिला. मागून बनाबाई विचारी, “बार्शी आली का रं?” आणि टपावरून दस्तगीर ओरडे, “मालक, टॉप डालो, टॉप!” वडाळ्याच्या अलीकडचा चढ लागला. गाडी अर्ध्यावर गेली, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. शिवयोगीनं टाकीत काठी घालून बघितली. काठी कोरडी निघाली.

 समोरून एक बैलगाडीवाला येत होता. श्रीमंतनं त्याला विचारलं, वाटेत मोटार दिसली का.

“दिसली की. लई म्होरं उबी हाय, वैरागच्या अलीकडं. मालक एकटाच बसलाय आन शिव्या घालतोय.”

झालं. श्रीमंतनं घसा साफ करून निकाल दिला, बार्शीचा रस्ता रावजीचा.  शिवयोगी परत आत जाऊन स्टीअरिंग धरून बसला. बार्शीची खुर्ची डोळ्यांपुढून कुणीतरी उचलून नेत होतं. त्याला रडू येत होतं आणि सासरची माणसं मागं असल्यामुळं रडताही येत नव्हतं.

मागं मात्र वेगळंच सुरू झालं होतं. निंगव्वानं मोजणी धरली होती. “आता आमच्या गावाला मोटार. सोमवारी मी जाते. मंगळवारी धाकटी येईल. जत्रेला समदे.”

शिवयोगीनं बायकोकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड हसत होतं.

“तुला काय झालं?” त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

नीलम्मानं मागं बघितलं, मग त्याच्याइतक्याच दबक्या आवाजात सांगितलं, “तुमास्नी खोटं कशाला सांगू? मिस्त्री सांगत हुता तवा मी तितंच की हो, चहा घिऊन उबी. वझं घेतलं की गाडी बसंल, हळू चालवली की रुसंल, म्हणाला. म्हणून आईला सांगावा धाडला, समद्यांना घिऊन ये म्हणून. बँडबी मीच सांगितला. मला आईची लई याद येती. लई दिस झालं.”

शिवयोगीची कानशिलं तापली. हात उचलावा असं क्षणभर वाटलं, पण सासू मागंच बसली होती. ओरडून सगळ्यांना सांगावं असंही वाटलं.

“सांगा की,” नीलम्मा म्हणाली. “मी न्हाय म्हणणार न्हाय.”

तो खाली उतरला. सगळी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. श्रीमंत, बनाबाई, बँडवाले, आणि टपावरून पाय सोडून बसलेला दस्तगीर, ज्याला आता आपल्यावर काय येतं याची धास्ती होती. सर्व्हिसवाल्याला त्याच्या बायकोनं हरवलं, हे उद्या स्टँडवर कसं ऐकू येईल, ते शिवयोगीला आत्ताच ऐकू यायला लागलं. 

“पेट्रोलच भेसळीचं हुतं,” तो म्हणाला.

श्रीमंतचा चेहरा पडला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, आणि पुढच्या जागेवरून नीलम्मानं मान डोलावली.

“व्हय,” ती म्हणाली, “मला तर निगाल्यापासनंच वास येत हुता.”