सुई एकवर

आमच्या क्लेमेंटनं लग्न माझ्याशी केलं आणि संसार रेडिओशी, असं मी लोकांना चेष्टेत सांगायची. हौसेला मोल नाही म्हणतात. बँकेतून रिटायर झाल्यावर रीतसर परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स काढून त्यानं हे हॅम रेडिओचं वेड घरात आणलं. सकाळी मी चर्चमध्ये मिस्साला जाऊन परत येईपर्यंत हा ओट्यावर बसून पुण्या-नाशिकच्या हौशी माणसांशी गप्पा मारत असायचा. चिंचेवर टाकलेली लांब तार, तिच्यापासून खाली आलेली केबल, एक बॅटरी, आणि रेडिओ नि केबल यांच्यामध्ये जेवणाच्या डब्याएवढा ट्यूनर.

ट्यूनरला दोन बटणं आणि एक सुई. तार मापाची नसली की रेडिओ कुरकुरतो, पूर्ण जोर लावत नाही. मग बटणं हळूहळू फिरवायची. सुई खाली खाली येते आणि एकवर टेकली की जमलं. हे त्यानं मला इतक्यांदा समजावलं होतं की मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. सुई एकवर आली की त्याच्या तोंडावर जे समाधान यायचं, ते पोरीच्या लग्नातही मी पाहिलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये आमच्या भुईगावात पाणी भरलं. वीज गेली, मागोमाग मोबाईल मेले. शेजारच्या निर्मळ गावाच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. दुपारी शेजारचा बळीराम धावत आला. त्याच्या बायकोला, शकूला, पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. पाण्याला भिऊन नाग ओट्यावरच्या लाकडांत येऊन बसलेला, आणि ही पाणी तापवायला लाकूड काढायला गेली.

शकू माझी मैत्रीण. तिच्या वाडीतला चाफा माझ्या घरातल्या देवाच्या अल्तारावर आणि माझ्या नाताळच्या करंज्या तिच्या घरात, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, पूर्ण शुद्धीत. उलट मलाच म्हणाली, रडतेस काय.

बळीराम आणि त्याचा मुलगा चिराग यांनी मागच्या दाराची फळी उतरवली होती. शकूला फळीवर घालून पाण्यातून निर्मळपर्यंत न्यायचं, तिथून पुढे गाडी मिळाली असती. फळी त्यांनी खांद्यावर घेतलीसुद्धा. तेवढ्यात क्लेमेंट आडवा आला. हलवलं तर विष पसरेल, पाण्यात फळी कलंडली तर सगळंच संपेल, मी रेडिओवरून तहसील ऑफिसातल्या पूर नियंत्रण कक्षाकडून बोट मागवतो, ती थेट दारात येईल, असं त्यानं समजावलं. त्याचं बोलणं वेडेपणाचं नव्हतं. चिराग मात्र ऐकेना. थांबू नका बाबा, चला, असंच म्हणत राहिला. बळीरामनं एकदा शकूकडे पाहिलं, एकदा क्लेमेंटकडे, आणि फळी खाली ठेवली.

क्लेमेंटनं बटणं फिरवली. सुई एकवर आली. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत तो हाका मारू लागला. भुईगाव, सर्पदंश, बोट पाठवा. उत्तर नाही. नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी दूरचे आवाज.

"जातंय ना रे?" बळीरामनं विचारलं.

"जातंय. ही बघ सुई. खरखरीमुळे त्यांचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

बळीरामनं वाकून पाहिलं. मीही पाहिलं. सुई एकवर होती.

म्हणून आम्ही थांबलो. क्लेमेंटचा घसा बसला तरी तो बोलत होता. शकूच्या पापण्या मिटायला लागल्या, मग जीभ जड झाली. मला ती काहीतरी सांगत होती, मला कळत नव्हतं, आणि मी आपली हो हो म्हणत होते. शेवटी बळीरामनं कुणालाच न विचारता फळी उचलली. निर्मळला टेम्पो मिळाला. दवाखाना येण्याआधीच तिचा श्वास थांबला. जरा आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर क्लेमेंट तार उतरवायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. जाऊन बघते तर चिंचेखाली हातात केबल धरून उभा. तार आणि केबल जिथे जोडली होती तिथे चिकटपट्टीच्या आत खाऱ्या हवेनं तांबं खाऊन टाकलं होतं. टोक सुटून मोकळं लोंबत होतं.

मग सुई एकवर कशी आली, मी विचारलं.

"ट्यूनर रेडिओची समजूत काढतो, लुसी. पुढे तार आहे की नाही, हे त्याला कळत नाही. सगळा जोर केबलमध्ये नि डब्यात जिरला. डबा तापला होता. मी बघितलं नाही."

कुणाला सांगायचं नाही, मी म्हटलं. असं म्हटल्याची मला लाज वाटत नाही. शकू परत येणार नव्हती, आणि मला या माणसाबरोबर याच गल्लीत दिवस काढायचे होते.

गाव बोट न पाठवणाऱ्यांवर पेटलं होतं. शकूचं बारावं झालं आणि बळीराम घरी आला. सगळे मिळून तहसील ऑफिसात जाब विचारायला निघाले होते, क्लेमेंटनं पुढे राहून निरोप दिल्याचं सांगावं म्हणून. मी क्लेमेंटचा हात दाबला. त्यानं तो सोडवून घेतला.

"निरोप गेलाच नव्हता, बळीराम. केबल तुटलेली होती. कुणालाच ऐकू गेलं नाही."

आता हा याला मारणार, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. बळीराम खाली बसला.

"हे मला कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "बोट आली नाही म्हनून मी त्यांना शिव्या घालतो आनि दोन घास खातो. आता कोनाला घालू? तू नुसता बोललास. फळी माझ्या खांद्यावर होती. पोरगा चला चला म्हनत होता. खाली मी ठेवली."

बळीरामनं तोंडावरून हात फिरवला आणि उठला.

"चल ऑफिसात. निरोप गेला होता, असंच बोलायचं. चिरागला कळता कामा नये."

मी त्यांच्या मागोमाग गेले. ज्यांना कसलीच हाक ऐकू गेली नव्हती, ती ऑफिसातली माणसं मान खाली घालून उभी होती. निरोप गेला होता, असं क्लेमेंटनं सगळ्यांसमोर सांगितलं. माझे बाबा तुमच्या भरवशावर थांबले, असं चिराग त्यांना रडत रडत सांगत होता, आणि त्यानं बापाचा हात घट्ट धरला होता.