बॅनरवरची लेखिका

वैशाली जाधवने आयुष्यातली पहिली कथा दादरच्या एका दिवाळी अंकाला पाठवली, पण घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. शीवच्या दवाखान्यात दिवसभर केसपेपर काढणारी बाई कथा लिहिते म्हटल्यावर परळची अख्खी चाळ तिची टिंगल करत बसली असती. पण संपादकांचा मेसेज आला आणि आनंदाच्या भरात बाई ओरडलीच, "अगं बाई, संपादकांनी मला उत्तर दिलं!"

झालं! हे पडलं राजरत्नच्या कानावर. राजरत्न म्हणजे तिचा धाकटा दीर, जयंती कमिटीचा कार्याध्यक्ष. कुणाचं पोर दहावी पास झालं की याने बॅनर लावलाच म्हणून समजा. 'कथा मिळाली, वाचून कळवतो,' एवढंच त्या मेसेजात होतं, पण ते वाचायला हा थांबतोय कशाला!

दुसऱ्या दिवशी वैशाली डबा घेऊन खाली उतरली, तर नाक्यावर हा भलामोठा बॅनर! 'सुप्रसिद्ध लेखिका वैशालीताई जाधव यांची कथा दिवाळी अंकात झळकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' फोटो लग्नातला, गळ्यात हार. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई गेली बिचारी. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, त्यात गॉगल लावलेला राजरत्न सगळ्यांत मोठा.

"भावजी, अहो, त्यांनी अजून वाचलीसुद्धा नाही!"

"वाचतील की वहिनी! तुमची कथा नाकारायची कुणाची टाप आहे?"

वैशालीला घाम फुटला. शेजारची माया तर माहेरी वाटायला अंक घेणार होती. आता कथा परत आली, तर चाळीत तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. आठवडाभर तिने कशीबशी कळ काढली आणि शनिवारी ड्युटी संपल्यावर थेट दादरला संपादकांचं ऑफिस गाठलं.

संपादक सज्जन होते. त्यांनी आधी चहा मागवला, तेव्हाच ती काय ते समजली.

"भाषा चांगली आहे तुमची," ते म्हणाले. "पण कथेतला तो प्राध्यापक जिवंत वाटत नाही हो. यंदा नाही घेता येणार. दुसरं काही लिहिलंत तर जरूर पाठवा."

जिना उतरताना तिला रडूच आलं. बॅनरची लाज होतीच, पण त्याहून जास्त लागलं ते कथेचं. चार महिने खपून लिहिली होती तिने.

घरी आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "नाही घेतली कथा. भावजी, उतरवा तो बॅनर."

राजरत्नचा चेहरा पडला. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "उतरवायचा कशाला? पोर नापास झालं म्हणून कुणी शाळेतून नाव काढतं का? आणि काय गं, बॅनर लागला, गावभर बोभाटा झाला, पण गोष्ट काय होती ते आम्हाला सांगितलंस कुठं?"

खरंच की! कुणी विचारलंच नव्हतं. वैशालीने डोळे पुसले आणि वाचायला घेतलं. पुण्याचा बंगला, झोपाळा, झोपाळ्यावर एकाकी प्राध्यापक, त्याचे उसासे. दोन पानं झाली तशी सासूबाईंनी हात वर केला.

"थांब जरा. हा बाप्या सकाळपासून नुसता झुलतोय. याला कामधंदा नाही? याच्या घरी पाणी कोण भरतं?"

राजरत्न खो खो हसत सुटला. वैशालीला आधी राग आला, मग तिलाही हसू आवरेना. संपादकांनी तरी दुसरं काय सांगितलं होतं! तिने पेन काढलं आणि प्राध्यापकावर आडवी काट मारली, बंगल्यासकट.

"मग आता गोष्टीत घेऊ कुणाला?" तिने विचारलं.

"मला नको हं घेऊ," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी लसणीचं ताट बाजूला सारलं, पदर नीट केला आणि तिच्या समोर येऊन बसल्या.