साहेबांचा कान

"काका, हा कान उघडा का?"

मिनलला हे विचारायला यंत्र बंद करावं लागलं. खडीच्या चाळण्या थरथरू लागल्या की खडी तपासायच्या त्या प्रयोगशाळेत स्वतःचं बोलणंही ऐकू यायचं नाही. यंत्र चालवणाऱ्या लिओनार्डने इअरमफ घातला होता खरा, पण वाकडा. डावा कान झाकलेला आणि उजव्याची वाटी कानामागे सरकवलेली.

"हा साहेबांचा कान, मॅडम. त्यांनी हाक मारली आणि मी तसाच उभा राहिलो, तर बरं दिसतं काय?"

ही युक्ती त्याने स्वतःच काढली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. आपल्याला कमी ऐकू येतंय, ही शंका मात्र कधी आली नाही. पाली या त्याच्या कोळ्यांच्या गावात बोटींच्या इंजिनावर आवाज चढवून बोलायची सगळ्यांनाच सवय; तिथे कोण कोणाला हळू बोलतंय?

मिनल नवीन सुरक्षा अधिकारी, चिकाटीची. तिने त्याला केबिन रोडवरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलंच.

"उजवा कान बराच गेलाय, तो परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "असंच वाकडं घालत राहिलात तर डावाही जाईल."

संध्याकाळी लिओनार्ड घराच्या पायरीवर बसला होता. त्याची बायको एडना कोळंबी सोलायला घेऊन आली आणि त्याच्या डावीकडे टेकली. त्याला एकदम जाणवलं, की चर्चमध्ये, जेवताना, अगदी रिक्षातही ती डावीकडेच असते. त्याला वाटायचं, पंख्यासाठी, खिडकीसाठी.

"या बाजूलाच का बसतेस गो?"

"त्या बाजूनं बोलले तर तू नुसती मान हलवतोस."

"मंग सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं व्हतं," कोळंबीवरची नजर न काढता एडना म्हणाली. "त्या बाजूनं."

लिओनार्डला हसू आलं. इतकी वर्षं ती जागा बदलून बसली आणि त्याला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने इअरमफ सरळ घातला, दोन्ही वाट्या घट्ट दाबल्या आणि मग बटण दाबलं. साहेबांनी केबिनमधून हाका मारल्या. शेवटी खुर्चीतून उठून ते यंत्रापाशी आले आणि तोंड हलवू लागले.

लिओनार्डने अदबीने तळहात दाखवला. यंत्र थांबेपर्यंत साहेब उभे राहिले. मग त्याने इअरमफ काढला आणि डावा कान त्यांच्याकडे वळवला.

"बोला साहेब," तो म्हणाला. "आता हा एकच आहे, आणि तो एडनाचा आहे."