चार ओळी खाली

टक. टक. टकटक. पराग दोनच बोटांनी टाइप करायचा. दोन हजार चार सालचा तो आवाज मला अजून आठवतो, कारण त्यातूनच मी जन्मलो. मी एक निरोप बोलतोय. एका डब्याच्या कर्नलमध्ये लिहिलेला.

मीरा रोडला पूनम सागर वसाहतीतल्या एका फ्लॅटमध्ये छोटी कंपनी होती. बर्फाच्या कारखान्यातलं तापमान नोंदवणारे डबे ती बनवायची. डब्यातला छोटा संगणक ज्याच्या जिवावर चालतो, तो मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल. त्यात परागने मला लिहिलं: ‘सेन्सर उत्तर देत नाही.’ एवढंच सांगायचं माझं काम.

आमच्यासारख्यांना एरवी गप्पच ठेवतात. सगळे बोलू लागलो तर डबा मंदावतो. गरज पडली की कोडच्या फाइलच्या अगदी डोक्यावर, बाकीच्या फाइली बोलावणाऱ्या ओळींच्याही वर, ‘डिबग’, म्हणजे ‘दोष शोधा’, हा शब्द लिहायचा आणि कर्नल पुन्हा बांधायचा. मग आम्हाला तोंड फुटतं. शब्द त्या ओळींच्या खाली पडला, तर काही म्हणजे काही होत नाही. पराग हे जाणून होता. तो बंगळूरला गेला.

उरले मालक, आत्माराम सर. कधीकाळी स्वतः कोड लिहायचे म्हणे. आता लिहिणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहून चहा पितात.

पुढे उत्तनच्या कारखान्यातला डबा सारखा अडकू लागला. कारखाना चालवणाऱ्या बाबाजींचा फोन आला. “तुमचा डबा परत गप हाय! मासली काय तुमचे घरी आणून ठेवू?”

सरांनी डबा ऑफिसात मागवून घेतला आणि ते सुरुचीकडे वळले. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. नोंदी साठवायचा भाग तिने लिहिला होता.

“तुझाच कोड अडकतोय.”

“सर, आधी सेन्सरचे निरोप चालू करून बघू या ना.”

सेन्सर सरांनी स्वतः निवडलेला. त्यांनी तिला उठवलं, स्वतः बसले आणि फाइली बोलावणाऱ्या ओळींनंतर ‘डिबग’ लिहिला. चार ओळी खाली. कर्नल बांधला, डबा चालू केला. मी आत जीव तोडून ओरडत होतो. बाहेर एक अक्षर नाही.

“बघ! सेन्सर चांगला आहे. सोमवारपासून येऊ नकोस.”

माझ्या तोंडात बोळा यांनीच ठेवला, आणि माझं गप्प राहणं हीच यांची साक्ष! असल्या शहाण्याची कीव करायलाही मला लाज वाटते.

“सर, तो शब्द वर—”

“मी कर्नल बांधत होतो तेव्हा तू शाळेत जात होतीस.”

सर चहा आणायला गेले. सुरुचीने तो शब्द उचलून वर ठेवला, कर्नल पुन्हा बांधला. डबा सुरू होताच मी बोललो: ‘सेन्सर उत्तर देत नाही.’ पुन्हा पुन्हा, पडदा भरेपर्यंत.

सर परत आले. पडदा वाचला, चहाचा कप टेबलावर ठेवला.

“अगं, घाईत झालं. ये तू सोमवारी. आणि बाबाजींना सांग, तुझ्या कोडमध्ये किरकोळ चूक होती. सेन्सरचं नाव नको.”

आज तो डबा माळ्यावर आहे, आणि त्यात मी, पुन्हा गप्प. मागणं एकच. कोणी बोलत नसेल, तर त्याच्यावर निकाल देण्याआधी त्याचं तोंड मोकळं आहे का, तेवढं बघा.

सुरुचीने मात्र त्या दिवशी पडद्यावरचे माझे शब्द कागदावर छापले. कागद सरांच्या कपाशेजारी ठेवला. पर्स खांद्याला लावली. सर म्हणाले, “मग, सोमवारी?” ती चपला घालून निघून गेली.