निळ्या झाकणाचे दोन डबे

आमच्या मोकपो बंदरातली एकही खाणावळ आम्ही दोघींनी सोडलेली नाही. दर बुधवारी दुपारी बाहेर जेवायचं, हा माझा आणि माझ्या मैत्रिणीचा, गुम्जाचा, नेम. नवरे होते तेव्हा होता, ते गेले तरी आहे. मुरवलेला खेकडा असो नाहीतर ऑक्टोपसचा रस्सा, मी सगळं चवीनं खाते. पण ताटाशेजारी ठेवलेल्या किमचीचा, म्हणजे मसाल्यात मुरवलेल्या कोबीचा, तुकडा तोंडात टाकला की माझं तोंड वाकडं होतं. मीठ जास्त, गोड जास्त, नाहीतर कोबी नीट निथळलेला नसतो.

"बाई गं, परीक्षा घ्यायला आलीस का जेवायला?" गुम्जा म्हणते. "गुपचूप गिळ."

गिळायचं कशाला? घरी माझी आहे ना.

माझी किमची म्हणजे माझ्या सासूची. कोबीच्या पानापानांत मसाल्याबरोबर ताज्या वाकटी मासळीचे तुकडे दडपायचे. दोन महिन्यांत काटा असा मऊ होतो की दाताखाली कळतसुद्धा नाही. आता एवढी उस्तवार कुणी करत नाही. मी मात्र दर नोव्हेंबरात साठ गड्डे करते. रात्रभर मिठात घालायचे, पहाटे उठून उलटेपालटे करायचे, तीन पाण्यांत धुवायचे. गेल्या पावसाळ्यापासून माझं उजवं मनगट कामातून गेलंय. डॉक्टर म्हणाला, "आजी, थंडीच्या आधी ऑपरेशन करून घ्या." मी म्हटलं, "थंडीच्या आधी मला वेळ नाही. माझ्या मुलीला किमची लागते." तो हसला. हसू दे. त्याला कुठे माझी युनमी ठाऊक आहे?

"आई, तुझ्या किमचीशिवाय माझ्या घशाखाली भात उतरत नाही," असं युनमी लग्न झाल्यापासून, चौदा वर्षं, म्हणत आलीय. ती राहते नव्या वस्तीतल्या उंच इमारतींत, बसनं अर्ध्या तासावर. जावई गाडी घेऊन येतो आणि डबे घेऊन जातो. यंदा मोठे दोन डबे दिले, निळ्या झाकणांचे. एकाच्या झाकणाला चीर होती, तिथे मी चिकटपट्टी लावली. दुसऱ्याचं झाकण जरा सैल होतं, म्हणून तो डबा गुलाबी कापडात बांधला. युनमीच्या लग्नात भेटवस्तू ज्यात बांधून आल्या होत्या, त्यातलंच ते कापड. मनगट साथ देईना, तेव्हा गाठीचं एक टोक दातात धरून आवळलं.

सुनेला मात्र पाठवत नाही. बोराम तिचं नाव. चार वर्षांपूर्वी तिनं मला समोर बसवून सांगितलं, "आई, आम्ही दोघं नोकरीवर, घरी जेवतोच कुठे? खरंच नका पाठवू. टाकून द्यावी लागते, मला फार वाईट वाटतं." टाकून द्यावी लागते! त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलते. तिच्यासमोर युनमीचं कौतुक जरा जास्तच करते, हेही कबूल करते.

तर या बुधवारी गुम्जाचा फोन आला. "आज बाहेर नको. माझ्याकडे ये जेवायला."

"तुझ्याकडे? तुझा गॅस पेटतो तरी का?"

"ये तर खरी. जीभ चावशील अशी एक गोष्ट खायला घालते."

गुम्जा गेल्या उन्हाळ्यातच मुलाजवळ राहायला गेली, त्याच नव्या वस्तीत. तिनं गरम भात वाढला, डुकराचं मटण उकडलं होतं, त्याचे काप मांडले आणि मधोमध किमची ठेवली. मी एक पान भाताभोवती गुंडाळून तोंडात घातलं. वाकटीचा तुकडा जिभेवर आला आणि विरघळला.

"आता बोल," गुम्जा म्हणाली. "तुझ्या तोडीची आहे की नाही? उगाच नाक मुरडू नकोस."

"कुठून आणलीस?"

"फुकट मिळाली. मोबाइलवर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना नको असलेल्या वस्तूंचं असतं ना, तिथे कुणीतरी टाकलं होतं. मुलगा येता येता घेऊन आला."

"डबा दाखव."

निळं झाकण होतं. त्यावर माझी चिकटपट्टी होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ही बोराम!" मी म्हटलं. "युनमीनं भोळेपणानं भावाकडे एक डबा पाठवला असणार आणि हिनं तो गावाला वाटला. आधीच तोंडावर नको म्हणणारी बाई ती!" मी बोरामच्या नावानं बोटं मोडत होते आणि गुम्जा मोबाइलवर काहीतरी शोधत होती. मग म्हणाली, "अगं, बोराम ग्वांगजूला राहते. इतक्या लांबून इथे कशाला येईल द्यायला? थांब, पत्ता आहे माझ्याकडे."

तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. देणाऱ्याचं नाव 'झोपाळू ससा' असं काहीतरी होतं. खाली लिहिलं होतं: इमारत १०४, घर १२०३. दाराबाहेर ठेवलाय. बेल वाजवू नका.

वाळवलेली मासळी, समुद्री शेवाळ, तिळाचं तेल, दर दोन महिन्यांनी मी माझ्या हातानं ज्या पत्त्यावर पाठवते, तोच हा पत्ता.

डबा घेतला त्या दिवशी गुम्जानं तिथे लिहून विचारलंही होतं, इतकी छान किमची देऊन का टाकताय? त्याचं उत्तर तिथेच खाली होतं. 'माझी आई दर वर्षी पाठवते. आमच्याकडे कुणी खात नाही, मुलांना माशाचा वास सहन होत नाही. नको म्हटलं तर तिला लागेल. म्हातारीचा तेवढाच वेळ जातो.'

मी ते दोनदा वाचलं. वेळ जातो. माझा वेळ जावा म्हणून मी पहाटे चारला मिठाच्या पाण्यात हात घालून उभी होते म्हणे.

मी माझा फोन काढला आणि युनमीला लावला. गुम्जानं माझा हात धरला, मी झटकला.

"आई! जेवलीस का?"

"जेवतेय. किमची कशी लागतेय यंदाची?"

"अगं, विचारूच नकोस. काल तीन वाट्या भात खाल्ला मी. पहिला डबा कधीच संपला, दुसराही तळाला आलाय. पुढच्या वर्षी जरा जास्त पाठव हं."

तोच लाडिक सूर, अगदी लहानपणचा. ताकास तूर लागू दिली नाही पोरीनं. चौदा वर्षं मी या सुरावर जगत आले. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, गुम्जाचा मोबाइल वाजला. तिनं वाचलं आणि पालथा घालून ठेवला. मी तो उचलला. झोपाळू सशानं लिहिलं होतं: 'आणखी एक डबा आहे. सणाचं सामान यायचंय, फ्रीजमध्ये जागा नाही. आजच नेणार का?'

"लिही, येतोय म्हणून," मी म्हटलं.

"कशाला जिवाला त्रास करून घेतेस, माल्सुन?"

"लिही."

दोन इमारती ओलांडल्या की १०४. बाराव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दाराशी डबा ठेवला होता. गुलाबी कापड तसंच, आणि मी दातानं आवळलेली गाठही तशीच. तीन महिन्यांत कुणी ती सोडलीसुद्धा नव्हती.

आत टीव्ही चालू होता. नातवंडं कशावरून तरी हसत होती. गुम्जा कुजबुजली, "वाजवू का बेल?"

"नको. नको म्हणून लिहिलंय ना."

मी खाली बसले. एका हातानं गाठ सुटेना, गुम्जा वाकली तर तिला मागे सारलं. पुन्हा दात लावले. गाठ सुटल्यावर कापड मांडीवर पसरलं, हातानं सारखं केलं, चार घड्या घातल्या आणि दाराच्या मुठीला बांधलं, उघडताना तिच्या हाताशी येईल असं. डबा गुम्जानं उचलला.

खाली आल्यावर मी बोरामला फोन लावला. ती कामावर होती, घाबरून म्हणाली, "आई? बरं आहे ना सगळं?"

"डॉक्टरकडे जायचंय हाताच्या ऑपरेशनसाठी," मी म्हटलं. "माझ्याबरोबर येशील का? जमत नसेल तर तसं सांग. तू तोंडावर सांगतेस, म्हणून तुला विचारतेय."