प्रवक्त्याची बंदूक

मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बोललो त्या दिवशी ओटीवरच्या बंदुकीची नळी हातभर वाढली. दस्ता होता तिथेच, दोन खुंट्यांवर. वाढ सगळी तोंडाकडून झाली होती आणि नळी खिडकीच्या गजांतून अंगणात डोकावत होती. शालन, माझी बायको, तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालून मोकळी झाली होती.

बोललो काय होतो, तर साधी गोष्ट. आम्हा शेतकऱ्यांकडे पीक राखायला परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते. ती ऐन भुईमूग काढायच्या वेळी येतात, शेत नांगरल्यासारखं उलथून टाकतात, आणि आम्ही पत्र्याचे डबे बडवत बसतो. तेवढ्या बंदुका आमच्याकडे राहू द्या, एवढंच मागणं. परवानाधारकांच्या संघाने मला प्रवक्ता नेमलं, कारण बाकीच्यांच्या बोलण्यात शब्दापेक्षा शिव्या जास्त.

मी घसा सुकेपर्यंत भुईमुगाविषयी बोललो. टीव्हीवर एकच वाक्य आलं: "बंदूक आम्हाला हवीच." खाली लाल पट्टी, 'कोकणात बंदुकांचा हट्ट'. मी लगेच खुलासा पाठवला. खुलाशाने नळी दसपट वाढली. ती अंगण ओलांडून, दगडी गडग्यावरून, शेजारच्या बाबल मेस्त्रीच्या न्हाणीघरात शिरली.

बाबल कमरेला पंचा गुंडाळून आला. "सगुण, तुझी बंदूक माझ्या न्हाणीत इली हा. मी न्हाव खय?"

"मी काय करू? मी भुईमुगाचाच बोललंय."

"मगे आता बोलू नको."

म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'प्रवक्त्याचं सूचक मौन'. नळी बाबलच्या न्हाणीतून निघून रस्त्याला लागली. बोललं तरी वाढते, गप्प राहिलं तरी वाढते. अशा वेळी माणसाने करायचं काय, कपाळ बडवायचं?

संघाने पुण्याहून केतकी दामले म्हणून एका बाईंना बोलावलं. माध्यमांशी बोलावं कसं, हे त्या लोकांना शिकवतात. त्यांनी नळीला आपली पर्स अडकवली आणि मला समोर बसवलं.

"'बंदूक' हा शब्दच काढून टाकायचा," त्या म्हणाल्या. "'पीकसंरक्षण साधन' म्हणायचं."

"त्यातून लोकांना काय कळणार?"

"काही नाही. तेच हवंय आपल्याला. चेहरा हसरा ठेवा. आणि बोलताना बोट रोखू नका, नेम धरल्यासारखं दिसतं."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून, दात दाखवत, पीकसंरक्षण साधनाविषयी बोललो. मथळा आला, 'हसत हसत मागितली बंदूक'. संध्याकाळपर्यंत नळी गावाबाहेर तीन रस्ते फुटतात त्या तिठ्यावर पोहोचली. केतकीबाई जाताना पर्स काढून घ्यायला विसरल्या नाहीत.

मग बंदुका जमा करायचा आदेश निघाला. हवालदार गोणपाट घेऊन आले. त्यांनी दस्ता धरून ओढून पाहिला, नळीच्या कडेकडेने मोटरसायकल दामटली आणि जेवणवेळेला परत आले.

"दस्ता आमच्या हद्दीत आहे," ते म्हणाले. "तोंड पलीकडच्या ठाण्याच्या हद्दीत. अशी बंदूक जमा करून घेता येत नाही."

"मग राहू दे इथेच."

"राहूही देता येत नाही. आदेश आहे." त्यांनी गोणपाटाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि ताक पिऊन गेले.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला डुकरं आली. शालनने नेहमीसारखा बार काढला. काडतूस दस्त्याकडून भरायचं असल्यामुळे भरायला अडचण नव्हती. तिने खुंटीवरच चाप ओढला. घरात साधा टिचकीएवढाही आवाज झाला नाही. डुकरांनी मानसुद्धा वर केली नाही. बार निघाला तो तिठ्यावर, आणि तिथे उभ्या असलेल्या रिक्षाच्या टपाला मुठीएवढं भोक पडलं. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

अर्धं शेत गेलं. शालन पायरीवर बसून रडली, आणि मला इतका संताप आला की गोणपाट फाडून टाकलं. पण भीतीही वाटत होती.

"यापुढे माका फोन केल्याशिवाय चाप ओढू नको," मी तिला सांगितलं.

"आणि तुमी फोन उचललास नाय तर?"

"उचलीन."

"उरलो हा तो भुईमूग बियाण्याक तरी होयो," ती म्हणाली. "तो गेलो तर फुडच्या वर्साक पेरूचा काय?"

रिक्षाच्या टपाची बातमी झाली, नळी तिठ्यावरून शहराच्या रस्त्याला लागली आणि मला शहरातल्या स्टुडिओत चर्चेला बोलावलं. एसटीने निघालो. नळी खिडकीबाहेर रस्त्याच्या कडेने चालली होती. घाटात ती आमच्याबरोबर वळणं घेत होती. कोणीतरी तिच्यावर गोधड्या वाळत टाकल्या होत्या.

"कोणाची हो ही?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"माझी."

"मग आवरा की जरा," तो म्हणाला आणि झोपला.

स्टुडिओची खोली बरीच मोठी होती. पण पडद्यावर एकेक पाहुणा जोडला गेला तशी ती आवळत गेली. चौथा पाहुणा ओरडायला लागला तेव्हा माझे गुडघे टेबलाला आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकली होती. दार कुठल्या बाजूला होतं ते आता दिसत नव्हतं.

"तुमचा माईक गेलाय," एक माणूस म्हणाला. "याच्यात बोला." त्याने टेबलाखालून एक काळा, पोकळ, लोखंडी नळा ओढून काढला आणि माझ्या तोंडासमोर बसवला. त्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. शालन दर शनिवारी ज्याने बंदूक पुसते ते घरच्या घाण्याचं खोबरेल.

"हा माईक नाही," मी म्हणालो.

"आवाज छान येतोय," तो म्हणाला.

निवेदिका माझ्याकडे वळली. "सगुणराव, रिक्षात माणूस असता तर? प्रेक्षकांना फिरवाफिरवी नकोय. बंदूक हवी, हो की नाही?"

"त्याचं असं आहे, भुईमुगाच्या दिवसांत..."

"एका शब्दात. हो की नाही?"

खिशातला फोन थरथरला. उचलीन म्हणालो होतो. कसाबसा कोपर वाकवून कानाला लावला.

"अवो, डुकर इलेत," शालन म्हणाली. "पिलांसकट सगळे इलेत. काडतूस भरून चापार बोट ठेवलंय. बार काढू काय नको?"

तिच्या मागे शेंगा फुटल्याचा कराकरा आवाज येत होता. बियाण्याचा भुईमूग होता तो.

"हो की नाही?" निवेदिकेने विचारलं.

मी क्षणभर गप्प राहिलो. तेवढ्यात नळी बोटभर पुढे सरकली आणि गार लोखंड ओठांना टेकलं.

"बोला," निवेदिका म्हणाली.

"बोला तरी," शालन म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं. जिभेला खोबरेलाची चव लागली.